पृष्ठभागाचा पोत : जर्मनीचा आणि परभणीचा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. ती कोणी आणि कशावरून केली याविषयी निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. बोलणारा ती कधी अभिमानाने उच्चारतो, तर बहुधा आपल्याच गावाची थट्टा करण्यासाठी. या दोन नावांची तुलना यमकापलीकडे नेऊन करावयाची झाल्यास ती कोणत्या कसोटीवर करावी, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. एक कसोटी अशी आहे की, जी प्रथमदर्शनी अगदीच क्षुल्लक वाटावी. ती म्हणजे यंत्राच्या भागाचा पृष्ठभाग. या पृष्ठभागावर लेसर किरणांनी माणसाच्या केसाएवढ्या रुंदीचे असंख्य खळगे किंवा चर पाडून त्याचा पोत आणि त्याबरोबर त्याचा गुणधर्म बदलण्याची विद्या गेल्या तीन-चार दशकांत औद्योगिक जगात रुजली आहे. तिच्या आघाडीवर असलेल्या देशांत जर्मनीचे स्थान वरचे आहे. कापूस, सोयाबीन आणि ज्वारी पिकविणाऱ्या परभणी जिल्ह्याचा या विद्येशी संबंध काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर शोधू लागल्यास यंत्र येणे आणि विद्या येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात येते.

खडबडीतपणाचा उपयोग

पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करणे ही कल्पना मराठी घरांना नवी नाही. जाते किंवा पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. गुळगुळीत जात्यात दाणा भरडला जात नाही, तो नुसता घसरतो. श्रम होतात, पीठ पडत नाही. टाकी लावणारा दगडावर विशिष्ट अंतराने, विशिष्ट खोलीचे घाव घाली. घाव फार खोल गेला तर पिठात कच येई, उथळ राहिला तर महिन्याभरात जाते पुन्हा बोथट होई. किती खोल, किती दाट आणि कोठे, या तिन्हींचे ज्ञान त्याच्या हाताला होते. आज लेसरने पोत देणाऱ्या अभियंत्यापुढे नेमके हेच तीन प्रश्न असतात. फक्त मोजमाप मिलिमीटरऐवजी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, करावे लागते.

यंत्रयुगात दीर्घकाळ गुळगुळीतपणा हाच उत्तम कारागिरीचा निकष मानला गेला. परंतु एकमेकांवर घासणारे दोन भाग अतिशय गुळगुळीत असले तर त्यांच्यामध्ये वंगण टिकत नाही, असा अनुभव इंजिने बनविणाऱ्यांना लवकरच आला. म्हणून ट्रॅक्टरच्या किंवा शेतातील ऑईल इंजिनच्या सिलिंडरच्या आतील बाजूस एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम ठेवतात; त्यांत तेल साठते आणि पिस्टनच्या कड्या कोरड्या घासत नाहीत. लेसरची रीत ही या रेघांची पुढची पायरी होय. सुमारे शंभर मायक्रॉन रुंदीचे आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून उथळ असे खळगे ठरावीक अंतरावर पाडले जातात. वंगणाचा पुरवठा अपुरा असेल तेव्हा हे खळगे तेलाच्या इवल्या हौदांचे काम करतात. वंगण भरपूर असेल तेव्हा त्यांतील द्रवाचा दाब वाढून दोन पृष्ठभाग एकमेकांपासून किंचित दूर राहतात. झिजून सुटलेले धातूचे कणही या खळग्यांत अडकतात आणि पुढील ओरखडे टळतात.

तथापि ही काही जादू नव्हे. खळग्यांची खोली, दाटी किंवा जागा चुकली तर घर्षण कमी होण्याऐवजी वाढते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. शिवाय दीर्घ स्पंदाच्या लेसरने धातू वितळतो आणि खळग्याच्या काठावर वितळलेल्या धातूची कड उभी राहते. ती घासून काढावी लागते. म्हणूनच लेसरचे यंत्र विकत घेतल्याने पोत देण्याची विद्या आपोआप हाती येत नाही. कोणत्या धातूवर, कोणत्या दाबाखाली, कोणत्या वेगाने चालणाऱ्या भागाला कोणता पोत मानवतो, हे प्रयोग करून, मोजून आणि नोंदवून ठरवावे लागते. खर्चाचा मोठा भाग या प्रयोगांचा असतो.

घर्षणाचा अदृश्य कर

एवढ्याशा खळग्यांसाठी एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या भाषेत देता येते. घर्षण आणि झीज हा उत्पादनावरील असा कर आहे की, ज्याची पावती कोणालाच मिळत नाही. ब्रिटनमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने या कराचा हिशेब प्रथमच पद्धतशीरपणे मांडला. घर्षण, झीज आणि वंगण यांचे उपलब्ध ज्ञान नीट वापरले तर त्या एका देशाच्या उद्योगांचे तेव्हाच्या किमतीने वर्षाला ५१ कोटी ५० लक्ष पौंड वाचतील, असा त्या समितीचा अंदाज होता. पुढे २०१७ मध्ये होल्मबर्ग आणि एर्देमीर या दोन संशोधकांनी जगाचा हिशेब केला. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा घर्षणावर मात करण्यात आणि आणखी सुमारे ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनविण्यात खर्च होते, असे त्यांनी दाखविले. यातील सर्व घर्षण टाळता येण्याजोगे नाही. ब्रेक लागण्यासाठी आणि चाक रस्त्यावर पकड धरण्यासाठी ते हवेच असते. म्हणूनच प्रश्न घर्षण नाहीसे करण्याचा नसून, जेथे हवे तेथे ते वाढविण्याचा आणि नको तेथे घटविण्याचा आहे. पृष्ठभागाच्या पोतावर ताबा मिळविणे याचा अर्थ हाच.

या कराचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. कर भरणारा एक आणि त्याचा भार सोसणारा दुसरा, असे पुष्कळदा होते. कारखानदार झिजलेल्या भागाचा खर्च करतो. पण तो खर्च त्याने मालाच्या विक्रीच्या भावात चढविला किंवा कच्च्या मालाच्या खरेदीच्या भावातून वळता केला, तर भार इतरांवर सरकतो. ज्याला माल घरात ठेवून वाट पाहता येत नाही, त्याच्यावर तो सर्वांत सहज सरकतो. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात असा घटक कोणता, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

बारामती ते आखेन

लेसरच्या इतिहासात महाराष्ट्राचा एक धागा आहे. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणिकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण मिळविला. त्यानंतर चारच वर्षांत बेल प्रयोगशाळेतील चंद्र कुमार नारणभाई पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा आणि त्यांची अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या शासकीय महाविद्यालयाची. त्यांच्या लेसरने पुढे जगभरच्या कारखान्यांत पोलादी पत्रे कापले. १९८० च्या दशकात युरोपात पत्रा लाटणाऱ्या पोलादी रुळांवर बारीक खळगे पाडण्यासाठीही तोच लेसर वापरण्यात आला. रुळावरचा पोत पत्र्यावर उमटतो; त्यामुळे मोटारीच्या सांगाड्यासाठी पत्रा दाबताना त्यावर तेल टिकते आणि नंतर रंगही चांगला बसतो. १९९० च्या दशकात इस्राएलमधील टेक्निऑन या संस्थेत इझाक एत्सिऑन यांनी पंपांच्या सीलवर लेसरचे खळगे पाडून त्यामागील गणित मांडले. १९८५ साली डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी अत्यंत अल्पकाळ टिकणारे, तरीही प्रखर असे स्पंद निर्माण करण्याची युक्ती शोधली होती. तिच्यासाठी २०१८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अशा स्पंदांनी धातू वितळण्यापूर्वीच उडून जातो आणि खळग्याची कड स्वच्छ राहते.

गेल्या दीड दशकात चिनी उत्पादकांच्या स्पर्धेने फायबर लेसरच्या किमती झपाट्याने उतरल्या आणि जी यंत्रे केवळ बड्या कारखान्यांत दिसत, ती लहान कार्यशाळांच्या आवाक्यात आली. सामान्य शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरातही लेसरने कोरलेला पृष्ठभाग पोहोचलेला आहे. १ जुलै २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांची जी ओळख-खूण येऊ लागली, ती लेसरनेच उमटविली जाते. लग्नात द्यावयाच्या भांड्यांवर पूर्वी ठोक्या-ठोक्याने नाव घातले जाई. तेही काम आता लेसर काही सेकंदांत करतो. हीच वस्तुस्थिती थोडी अंतर्मुख करणारी आहे. नाव कोरणारा लेसर आणि इंजिनाचा पोत घडविणारा लेसर यांच्या जातीत मोठा फरक नाही. फरक आहे तो त्यांच्यामागे असलेल्या ज्ञानाचा. पहिल्यात पृष्ठभागावर खूण केली जाते. दुसऱ्यात पृष्ठभागाकडून काम करवून घेतले जाते.

जर्मनीने हा फरक कसा ओळखला, ते पाहण्यासारखे आहे. तेथे फ्राउनहोफर या नावाने १९४९ साली स्थापन झालेली एक सार्वजनिक संशोधन संस्था आहे. देशभर तिच्या अनेक शाखा असून आखेन येथील लेसर तंत्रज्ञानाची शाखा १९८५ मध्ये सुरू झाली. या संस्थेच्या संशोधनाच्या खर्चापैकी साधारण एक तृतीयांश भाग सरकार पायाभूत अनुदान म्हणून देते. उरलेला तिला उद्योगांकडून कामे मिळवून आणि प्रकल्पांतून उभा करावा लागतो. लहान कारखानदाराला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही. तो आपला झिजणारा भाग घेऊन या संस्थेकडे जातो, खर्चाचा वाटा उचलतो आणि उत्तर घेऊन परततो. सरकारने सर्व काही फुकट दिले असते तर संस्था कारखान्यांपासून दूर गेली असती. सर्व काही बाजारावर सोडले असते तर लहान कारखानदार तिच्या दारापर्यंत पोहोचलाच नसता. जर्मनीचे लेसरमधील सामर्थ्य बड्या यंत्र-उत्पादकांत जितके आहे, तितकेच ते या व्यवस्थेत आहे.

परभणीचे पृष्ठभाग

परभणी जिल्ह्यात मोटारीचे इंजिन बनत नाही, म्हणून पृष्ठभागाचा प्रश्नही नाही, असे समजणे चूक ठरेल. मानवत आणि सेलू येथील कापसाच्या बाजारपेठा सर्वपरिचित आहेत. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे या भागात बहुशः दोन रुळांची असतात. त्यांचे रूळ क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या चकत्या एकत्र दाबून केलेले असतात आणि त्यांवर मळसूत्री खाचा असतात. रुळाच्या खरखरीत पृष्ठभागाला कापसाचा तंतू चिकटतो आणि रूळ व स्थिर पाते यांच्या फटीतून ओढला जातो. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही, ती हलत्या पात्याच्या ठोक्याने गळून पडते. एक क्विंटल कापसापासून सुमारे एक तृतीयांश रूई मिळते. हे सारे काम त्या रुळाच्या पोतावर अवलंबून असते. पोत बोथट झाला की तंतू नीट ओढला जात नाही, उत्पादन मंदावते आणि वीज अधिक लागते. पात्यावर घासून चामडे झिजते. त्याची क्रोमियमयुक्त धूळ हवेत आणि रूईत मिसळते, जी कामगाराच्या प्रकृतीलाही हितकर नाही. चामड्याऐवजी रबराचे रूळ वापरण्याचे प्रयोग मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केले आहेत. अशा रबरी रुळाचा पोत कसा असावा, पात्याच्या पोलादाला कोणता पोत दिल्यास रूळ कमी झिजेल, हे प्रश्न थेट या विद्येच्या कक्षेत येतात.

दुसरा पृष्ठभाग नांगराच्या फाळाचा आणि वखराच्या पासेचा. काळी जमीन ओली असताना लोखंडाला चिकटते. ओढ वाढते, बैल किंवा ट्रॅक्टर अधिक श्रमतो, डिझेल अधिक जळते आणि शेतकऱ्याला थांबून माती काढावी लागते. फाळ जितका गुळगुळीत तितकी माती कमी चिकटेल, असा सर्वसाधारण समज आहे. चीनमधील जिलिन विद्यापीठात रेन लुचुआन आणि त्यांचे सहकारी यांनी तो तपासून पाहिला. शेणामातीत वावरणाऱ्या भुंग्याच्या अंगाला चिखल चिकटत नाही, याचे एक कारण त्याच्या अंगावरील बारीक उंचवटे होत, हे त्यांनी ध्यानात घेतले. त्या धर्तीवर माती कापणाऱ्या अवजारांच्या पृष्ठभागावर उंचवटे ठेवून त्यांनी प्रयोग केले. उंचवट्यांमुळे माती आणि लोखंड यांचा संपर्क तुटक होतो, मधल्या जागेत हवा शिरते आणि पाण्याचा चिकटविणारा पापुद्रा सलग राहत नाही. मराठवाड्याच्या काळ्या मातीत हाच उपाय कितपत चालेल, हे मराठवाड्याच्या काळ्या मातीतच तपासावे लागेल. चीनमधील जमिनीचे उत्तर जसेच्या तसे उसने आणता येणार नाही.

तिसरे उदाहरण शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील आहे, आणि हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्याच्या २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली आणि ११ मे २०२३ रोजी तिची पायाभरणी झाली. तेथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर किरण जाणार आहेत, आणि त्यांना परतविणारे आरसे अणूंच्या मापात मोजावे लागतील इतके गुळगुळीत असतात. एकीकडे मुद्दाम खडबडीत केलेला पृष्ठभाग, तर दुसरीकडे पराकाष्ठेचा गुळगुळीत. दोहोंच्या मुळाशी लेसर आहे आणि पृष्ठभाग मोजण्याची विद्या आहे. अशा वेधशाळेच्या छायेत वाढणाऱ्या मुलांना तेथे केवळ पहारेकरी आणि वाहनचालक म्हणून प्रवेश मिळावा की तंत्रज्ञ म्हणून, याचा निर्णय वेधशाळा करणार नाही. तो त्या आधीच्या दहा वर्षांत जिल्ह्यातील शाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालये काय शिकवितात, यावरून ठरेल.

प्रयोगाचा खर्च कोणी करावा

येथे मूळ आर्थिक प्रश्न उभा राहतो. समजा, मानवतच्या एखाद्या जिनिंगच्या मालकाने पदरचे पैसे घालून रुळाचा किंवा पात्याचा योग्य पोत शोधून काढला. प्रयोगातले दहा रूळ वाया गेले तर तो तोटा त्याचा एकट्याचा. अकरावा यशस्वी झाला तर पुढच्या हंगामात शेजारचे सर्व कारखाने तसाच रूळ बनवून घेतील. तोटा खासगी आणि लाभ सार्वजनिक, अशी स्थिती असली की कोणताही शहाणा व्यापारी त्या वाटेला जात नाही. यात त्याच्या वृत्तीचा दोष नाही. ज्ञान या वस्तूचा स्वभावच तसा आहे. म्हणून अशा ज्ञानाची निर्मिती सार्वजनिक संस्थेने करावी लागते.

हे तत्त्व परभणीला कोणी परदेशातून येऊन शिकवावयास नको. १८ मे १९७२ रोजी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. १९८० च्या दशकात या विद्यापीठाने भेंडीचे ‘परभणी क्रांती’ हे वाण दिले. केवडा या रोगाने भेंडीचे पीक हातचे जात असे. त्याला दाद न देणारे हे वाण जिल्ह्याची आणि राज्याची सीमा ओलांडून देशभर गेले. ‘परभणी मोती’ या रब्बी ज्वारीचीही कीर्ती अशीच. संकराचे फसलेले प्रयोग, वाया गेलेली वर्षे आणि अनेक हंगामांच्या चाचण्या यांचा खर्च कोणा एका शेतकऱ्याने केला असता काय? तो विद्यापीठाने केला आणि बियाणे सर्वांच्या हाती दिले. बियाण्याच्या बाबतीत जे झाले, ते लोखंडाच्या आणि रबराच्या बाबतीत व्हावयास हवे. याच विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. काळी माती त्याच्या दारात आणि कापसाच्या पेठा जवळच आहेत. छत्रपती संभाजीनगर येथे केंद्र सरकारचे इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या समूहांना सामायिक सुविधा केंद्रासाठी अनुदान देणारी केंद्राची योजनाही आहे. हे दुवे एकत्र आणले तर एक लेसर, पृष्ठभाग मोजणारे एक चांगले उपकरण आणि ते चालविणारी चार प्रशिक्षित माणसे एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. त्यांतही उपकरण आणि माणसे यांचे महत्त्व लेसरपेक्षा अधिक आहे. पैसा आधी यंत्रावर खर्च होतो आणि मोजमापासाठी तो उरत नाही, असे सरकारी खरेदीत वारंवार घडते. तसे येथे झाल्यास ते यंत्र नावे कोरण्याच्याच कामी येईल.

आक्षेप आणि त्यांची मर्यादा

यावर काही आक्षेप येतील, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला असा की, ज्या जिल्ह्यात सिंचन, रस्ते आणि पिण्याचे पाणी यांचेच प्रश्न सुटलेले नाहीत, तेथे लेसरची चर्चा ही चैन होय. १९८४ साली वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला तेव्हा सिंचन, रस्ते, आरोग्य यांबरोबर तांत्रिक शिक्षणाचाही वेगळा हिशेब केला होता, हे येथे स्मरणात ठेवावे. पाण्याचा पैसा लेसरकडे वळवावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाण्याची वाट पाहत असताना तंत्रज्ञानाचे दार बंद ठेवले, तर उद्या पाणी येऊनही पिकाचे मोल इतरत्रच वाढत राहील आणि जिल्ह्यातील तरुण वाळूज, चाकणच्या वाटा धरीत राहतील.

दुसरा आक्षेप तंत्राविषयीचा आहे. चामड्याच्या किंवा रबराच्या स्वस्त रुळावर महागडा लेसर चालविणे परवडेल काय? कदाचित परवडणार नाही. मोटारीत चालकासमोरच्या प्लॅस्टिकच्या फळीवर चामड्यासारखा पोत दिसतो. तो प्रत्येक फळीवर कोरलेला नसून साच्यावर एकदाच कोरलेला असतो आणि हजारो फळ्यांवर तसाच उतरतो. रबरी रुळासाठीही साच्याची हीच वाट सोयीची ठरू शकेल. क्वचित असेही निष्पन्न होईल की, फाळासाठी लेसर नकोच, लोहाराने वेल्डिंगने उठविलेले उंचवटेच पुरेसे आहेत. तसे झाल्यास तो प्रयोगाचा पराभव समजण्याचे कारण नाही. ‘येथे लेसर नको’ हे मोजून मिळालेले उत्तर शंभर लोहारांच्या आणि हजारो शेतकऱ्यांच्या उपयोगी पडते; मात्र ते प्रसिद्ध झाले पाहिजे. फसलेल्या प्रयोगांचे अहवाल कपाटात ठेवण्याची रीत चालू राहिली, तर तोच प्रयोग पुनःपुन्हा फसत राहतो.

तिसरा मुद्दा आक्षेपाचा नसून इशाऱ्याचा आहे. धातूवर काम करणाऱ्या बहुतेक लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. तरीही डोळ्याचे भिंग तो थेट पडद्यावर एकवटते आणि निमिषार्धात कायमची इजा होते. किरण दिसतच नसल्याने पापणी मिटून बचाव होत नाही. चकचकीत धातूवरून परावर्तित झालेला किरणही तितकाच घातक ठरतो. धातू आणि रंग जळून निघणारा धूर फुप्फुसांना अपायकारक असतो. किमती उतरल्यामुळे हातात धरून गंज काढण्याची यंत्रेही लहान कार्यशाळांत येऊ लागली आहेत. योग्य चष्मा, बंदिस्त जागा आणि धूर खेचणारा पंखा यांविना अशा यंत्रासमोर अठरा-वीस वर्षांचा मुलगा उभा करणे हा गुन्हाच मानला पाहिजे. म्हणूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत लेसरचा पहिला धडा यंत्र कसे चालवावे याचा नसून डोळे कसे वाचवावेत याचा असावा.

प्रश्न विचारण्याचा अनुशेष

‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’, असे मराठीत म्हणतात. या म्हणीत घाव सोसणाऱ्या दगडाचे कौतुक आहे. घाव कोठे घालावा हे जाणणाऱ्या हाताचा मात्र तीत उल्लेख नाही. औद्योगिक धोरणातही बहुधा हाच उल्लेख राहून जातो. वसाहतीसाठी जमीन, वीज, सवलती आणि यंत्रसामग्री यांची गणना होते. जिल्ह्यातील कारखानदाराला आणि शेतकऱ्याला आपली अडचण प्रयोगशाळेच्या भाषेत मांडता यावी आणि प्रयोगशाळेला ती ऐकून घ्यावीशी वाटावी, याची व्यवस्था कोणत्याच कोष्टकात बसत नाही. जर्मनी आणि परभणी यांतील खरे अंतर या व्यवस्थेचे आहे. ते कमी करण्यास फार मोठी रक्कम लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

प्रारंभ अगदी साधा असू शकतो. येत्या हंगामात जिनिंग चालू असताना कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मानवत, सेलू आणि परभणी येथील यंत्रांचे रूळ किती दिवसांत बोथट होतात, किती चामडे झिजते, क्विंटलमागे किती वीज लागते, याच्या नोंदी कराव्यात. खरिपाच्या मशागतीच्या वेळी कोणत्या ओलीवर किती माती फाळाला चिकटते, तेही मोजावे. या नोंदी म्हणजे संशोधन नव्हे, पण त्यांच्याविना संशोधनाला दिशा मिळत नाही. त्या हाती असल्या तर सामायिक केंद्रासाठी सरकारकडे जाताना जिल्ह्याला आपल्या मागासलेपणाची कैफियत मांडावी लागणार नाही. अमुक भाग झिजतो, त्याने इतके नुकसान होते आणि ते इतक्या खर्चात तपासता येईल, एवढे सांगितले तरी पुरे होईल. लेसर खरेदी करावयाचा की नाही, याचा निर्णय त्यानंतर करता येईल.